गटारीचा केक: रम, थम्सअप आणि दोन सोड्यांचा घोळ

ओव्हनबाई | शनिवार, रात्री १०:५२

येत्या गुरुवारी दिव्यांची अवस, म्हणजे साबांचे (सासूबाईंचे) कणकेचे दिवे. त्याच रात्री गटारी, म्हणजे अहोंचे पाच मित्र सहकुटुंब. मागच्या वर्षी जेवणानंतर आइसक्रीम दिलं तर एक भाऊजी म्हणाले, "वहिनी, आज गोडातसुद्धा थोडी हवी होती." ते डोक्यात राहिलं. यंदा रम आणि थम्सअप घातलेला चॉकलेट केक करायचा ठरवलाय आणि तीन आठवडे त्याच्या तालमी चालू आहेत. दोन पडल्या, तिसरी उभी राहिली. पडलेल्या दोन्हींसकट लिहिते, कारण पाकृ (पाककृती) टाकणारे त्या कधीच लिहीत नाहीत.

पहिली तालीम. माझा समज असा की थम्सअप फसफसतं, तर केक तेच फुगवेल. मग खायचा सोडा कशाला घालायचा? फ्रीजमधली गार बाटली उघडली, फेस जाऊ नये म्हणून अलगद मिसळलं आणि धावत ओव्हनमध्ये ढकललं. चाळीस मिनिटांनी बाहेर आला तो जांभा दगड. रंगही तोच. साबा म्हणाल्या, "खालच्या पायरीचा तुटलेला कोपरा बसवता येईल."

दुसरी तालीम. कुठेतरी वाचलं की कोला आंबट असतं, आम्ल भरपूर, म्हणून त्याला सोडाही भरपूर लागतो. घातले दोन सपाट चमचे. फुगला, डब्याच्या कडेवरून ओसंडला, ओव्हनच्या तळाशी जळला आणि मग मधोमध खचला. चव साबणाच्या वडीची. लेकाने एक घास खाल्ला आणि आरशात जाऊन तोंडाला फेस येतोय का ते बघून आला.

तिसरी, जी जमली. १८० ग्रॅम मैदा, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा मीठ दोनदा चाळून घेतलं. पातेल्यात ११५ ग्रॅम लोणी (बिनमिठाचं), १८० मिली थम्सअप आणि ४५ ग्रॅम कोको एकत्र उकळलं. हो, उकळलंच. सगळा गॅस गेला तर जाऊ दे, त्याचं आपल्याला काही काम नाही हे पहिल्या तालमीत कळलं होतं. गरम द्रवात कोको फुलतो, त्याचा रंग गडद होतो आणि वास घरभर पसरतो. उतरवून त्यात १८० ग्रॅम साखर विरघळवली. कोमट झाल्यावर (घाई केलीत तर अंड्याची भुर्जी होते) दोन अंडी आणि ९० ग्रॅम फेटलेलं आंबटसर दही. मग ३० मिली रम. शेवटी कोरडं मिश्रण घालून गुठळ्या मोडण्यापुरतंच ढवळलं. पीठ डोशाच्या पिठासारखं पातळ दिसतं, घाबरून मैदा वाढवू नका. ९ इंची गोल डबा, १७५ अंश, साधारण ४० मिनिटं.

केक ओव्हनमध्ये असताना २०० मिली थम्सअप मंद आचेवर आटवून ५० मिली केलं. गॅस बंद केला, गार होऊ दिलं आणि त्यात ६० मिली रम. केक बाहेर आल्यावर दहा मिनिटांनी त्याला विणायच्या सुईने भोकं पाडली आणि हा पाक चमच्या-चमच्याने मुरवला. वाटीत उरलेला पाक साबांनी बोटाने निपटला. "औषधासारखं लागतंय," एवढंच म्हणाल्या, पण वाटी घासायची गरज उरली नाही.

रम आणायला मीच गेले होते. वाइन शॉपच्या काउंटरवर उभी राहणारी मी एकटीच बाई. मागच्या काकांनी आदराने वाट करून दिली, जणू देवळाची रांग. "केकसाठी हवीये," असं मी न विचारताच सांगितलं. दुकानदार म्हणाला, "हो ताई, सगळ्यांना केकसाठीच हवी असते." क्वार्टर घेतली. त्याने पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत घातली, त्यामुळे सोसायटीच्या गेटपासून लिफ्टपर्यंत सगळ्यांना आत काय आहे ते बरोबर कळलं.

आता प्रश्न. दुसऱ्या तालमीत साबण का झाला? कोला आंबट आहे हे खोटं तर नाही ना?

---

पंगतीतला_शेवटचा | शनिवार, रात्री ११:०५

फोटो नाही म्हणजे पाकृ फाउल. तरी तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं).

एक शंका. क्वार्टर १८० ची. केकात ३० अधिक ६०. उरलेली नव्वद कुठे आहे?

---

वाळवंटी_उंट | शनिवार, रात्री ११:०९

नव्वदीचा हिशोब आधी, केक नंतर. +१

---

ओव्हनबाई | शनिवार, रात्री ११:१४

फडताळात. तिखटाच्या डब्यामागे. चौकशी समिती नेमू नका.

---

रसायनी | रविवार, सकाळी ७:३८

खोटं नाही, अर्धं खरं आहे, आणि साबण त्या अर्ध्यातूनच झालाय.

आंबटपणा दोन तऱ्हांनी मोजतात. आत्ता जीभेला किती तीव्र लागतं, आणि एकूण साठा किती आहे. कोलाचा पीएच अडीचच्या आसपास, म्हणजे जवळपास लिंबाच्या रसाइतका. पण लिंबाच्या रसात पाच-सहा टक्के सायट्रिक आम्ल असतं, आणि कोलात फॉस्फोरिक आम्ल लिटरला साधारण अर्धा ग्रॅम. तुमच्या १८० मिलीत म्हणजे एक दशांश ग्रॅमच्या आगेमागे. एवढ्याने खायचा सोडा किती मरेल? फार तर दीड-दोन दशांश ग्रॅम. एक चिमूट. तुम्ही घातलेत दोन चमचे, म्हणजे नऊ-दहा ग्रॅम. बाकीच्याला जोडीदारच मिळाला नाही. सोडा नुसत्या उष्णतेनेही थोडा वायू सोडतो, म्हणून केक आधी फुगला. पण तसं होताना मागे धुण्याचा सोडा उरतो. तुमच्या लेकाची जीभ अगदी बरोबर होती.

कोला मवाल्यासारखं आहे, आवाज मोठा, अंगात बळ नाही.

तिसऱ्या खेपेला खरं काम दह्याने केलं. कपभर ताक किंवा दही साधारण अर्धा चमचा सोडा पचवतं. त्यात बेकिंग पावडर, जी आपलं आम्ल बरोबर घेऊन येते. आणि कोको, पण तो कुठला त्यावर अवलंबून. साधा कोको आंबट असतो. डच पद्धतीचा कोको अल्कलीने आधीच शांत केलेला असतो, तो सोड्याशी काही बोलत नाही. डब्याच्या मागे घटकांत ५०१ किंवा ५०० क्रमांकाचा 'आम्लता नियंत्रक' लिहिलेला असेल तर समजा शांत केलेला. तसा असेल तर सोडा पाव चमच्यावर आणा आणि बेकिंग पावडर दीड चमचा करा.

बाटलीतल्या बुडबुड्यांबद्दल: मैद्याच्या जाळीत अडकायच्या आत, ढवळतानाच ते ऐंशी टक्के पळालेले असतात. (ऐंशी हा आकडा माझ्या मनचा, भांडू नका.)

---

पाववाली_मावशी | रविवार, सकाळी ८:२०

रसायनी, छान सांगितलंत. मी पंचवीस वर्षं केक करतेय आणि 'कोल्ड्रिंकने केक हलका होतो' हेच शिकवत आलेय. होतो तो मऊ. साखर द्रवात विरघळून आलेली असते, म्हणून ओलावा टिकतो. हलका आणि मऊ यांत आपण गल्लत करतो.

म्हणूनच डाएट कोला घालू नका बरं का. एका शिष्येने केला होता. साखर नाही म्हणून कोरडा, आणि त्यातली अ‍ॅस्पार्टेमची गोडी ओव्हनच्या उष्णतेत मोडते, म्हणून अगोडही.

---

अटलांटाकर | रविवार, संध्याकाळी ६:१५ (तुमच्या)

ओव्हनबाई, हा केक माझ्या गावचा आहे! म्हणजे आत्ताच्या गावचा, मूळ मी साताऱ्याचा. कोका-कोला १८८६ मध्ये इथेच अटलांटात जन्मलं, पेंबर्टन नावाच्या औषधवाल्याच्या हातून. त्यामुळे साबांचं 'औषधासारखं लागतंय' हे इतिहासाला धरून आहे.

इथे दक्षिणेत कोला केक म्हणजे चर्चचं जेवण, कुणाच्या घरची मयत, शाळेची खिरापत, सगळ्याला चालणारा पदार्थ. मोठ्या चौकोनी पसरट ट्रेमध्ये करतात, ट्रेसकट नेतात, ट्रेमध्येच कापतात. पिठात ताक असतंच असतं, त्याचं कारण आज रसायनींमुळे कळलं. बऱ्याच घरांत पिठात बारके मार्शमेलोही घालतात. ते वितळून वर येतात आणि चिकट साय धरते. (शाकाहाऱ्यांनी जपून, त्यात जिलेटिन असतं.)

पण खरी गंमत वरच्या थरात. लोणी, कोला आणि कोको उकळायचं, उतरवून त्यात पिठीसाखर फेटायची, पेकान नावाचे अक्रोडाच्या नात्यातले दाणे घालायचे आणि केक गरम असतानाच गरम गरम ओतायचं. अर्धं आत मुरतं, अर्धं वर पापडीसारखं जमतं. तुमच्या नऊ इंचीला ५० ग्रॅम लोणी, ४५ मिली कोला, दोन मोठे चमचे कोको, दीड ते पावणेदोन कप पिठीसाखर. आपले अक्रोड चालतील.

शेजारच्या टेनेसीत यात व्हिस्की जाते. तिथली एक गंमत सांगतो. जॅक डॅनियल्स जिथे बनते ते लिंचबर्ग ज्या मूर काउंटीत आहे, ती कोरडी काउंटी. जगभर पाठवायची, गावात ती विकणारा बार नाही. मी भट्टी बघायला गेलो होतो, वास घेऊन परत आलो.

---

पंगतीतला_शेवटचा | रविवार, संध्याकाळी ६:३१

वर्ध्यासारखंच की. फक्त तिथे भट्टी अधिकृत नसते.

---

संस्कृतीरक्षक_२ | रविवार, रात्री ९:०२

मूळ शब्द 'गतहारी' आहे. दिव्यांची पूजा करण्याच्या पवित्र दिवशी दारूचे केक करून आपण मुलांवर काय संस्कार करतो याचा विचार व्हावा.

---

वाळवंटी_उंट | रविवार, रात्री ९:०७

आला! दर गटारीला हा प्रतिसाद येतो. आता श्रावणात बिनधास्त झोप लागेल.

---

ओव्हनबाई | रविवार, रात्री ९:४०

संस्कृतीरक्षक, मुलांचा मुद्दा बरोबर आहे आणि मी त्यावर विचार केलाय. मुलांना वेगळा बिनरमचा छोटा केक असणार आहे. बाकी दिव्यांची पूजा साबा करणारच आहेत, आणि कणकेच्या गोड दिव्यांवर तूप ओतून आधी ते, मग केक.

भाजताना दारू उडूनच जाते ना? मग मोठ्यांत ज्यांना चालत नाही त्यांनाही द्यायला हरकत नसावी?

---

डॉ_चहावाले | सोमवार, सकाळी ६:५५

नाही, आणि इथे जरा गंभीर होतो.

'अल्कोहोल ७८ अंशाला उकळतं, ओव्हन १७५ ला, म्हणजे सगळं उडालं' हे गणित सगळे मांडतात. पण ते पाण्यात, साखरेत, मैद्यात मिसळलेलं असतं, आणि केकचा आतला भाग शंभरच्या वर कधी जातच नाही. पाणी आणि अल्कोहोल दोघंही हळूहळू, बरोबरीने बाहेर पडतात. अमेरिकेत १९९२ साली हे प्रत्यक्ष पदार्थ शिजवून मोजलं गेलं. पदार्थ आणि पद्धतीप्रमाणे ४ टक्क्यांपासून ८५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल शिल्लक राहिलं. तिथल्या कृषी खात्याच्या तक्त्यात मिश्रणात ढवळून अर्धा तास भाजलं तर ३५ टक्के आणि तासभर भाजलं तर २५ टक्के उरतं असं धरतात.

तुमच्या केकचा हिशोब. ओल्ड मंक घेतली असेल तर ती ४२.८ टक्क्यांची. ३० मिलीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. पिठातल्या त्या दहांपैकी साडेतीनच्या आसपास उरेल. पाकातल्या ६० मिलीला आच लागलेलीच नाही, ते २० च्या २० ग्रॅम. एकूण साडेतेवीस. बारा तुकडे केले तर तुकड्याला दोन ग्रॅम, म्हणजे एका छोट्या पेगचा पाचवा हिस्सा. निरोगी मोठ्या माणसाला काही होत नाही. पण लहान मुलं, गरोदर बाई, आणि दारू सोडवायच्या डायसल्फिरामच्या गोळ्या चालू असलेला माणूस, यांना एक तुकडाही नको. त्या गोळ्यांवर खाण्यातल्या थोड्या दारूनेही छातीत धडधड आणि उलट्या सुरू होऊ शकतात. मेट्रोनिडॅझॉल हे अँटिबायोटिक चालू असलेल्यांनीही टाळावा. आणि ताटलीजवळ चिठ्ठी लावा. चॉकलेटच्या वासात रम लपते.

---

कोरडा_गडी | सोमवार, दुपारी १:२०

डॉक्टरांना मनापासून धन्यवाद. मी सहसा नुसता वाचतो, आज लिहितो. मला सोडून आठ वर्षं झाली. गोळ्या केव्हाच बंद आहेत, पण गोळ्या हा भाग नाही. एका बारशाला कुणी न सांगता असा केक हातात दिला. दुसऱ्या घासाला कळलं. घरी जाऊन रात्रभर बसून होतो. कुणाचा हेतू वाईट नव्हता, 'अरे भाजलाय, उडून जाते' हेच म्हणाले.

तेव्हा चिठ्ठी लावाच. आणि 'रम इसेन्स घालते तुझ्यासाठी' असंही नको. त्यात अल्कोहोल नगण्य असेल, पण माझं भांडण वासाशीच आहे.

बिनदारूचा पण तितकाच खोल चवीचा कसा करायचा, कुणी सांगेल का? चॉकलेट केक मला फार आवडतो.

---

पाववाली_मावशी | सोमवार, दुपारी १:५२

दादा, बरं केलंत लिहिलंत. कडक काळी कॉफी. पिठातल्या ३० मिलीच्या जागी तेवढीच, दोन चमचे इन्स्टंट कॉफी कालवून. कॉफीची चव वेगळी कळत नाही, कोको मात्र दुप्पट बोलतो. पाकासाठी आटवलेलं थम्सअप ५० मिली, त्यात ६० मिली कॉफी, अर्ध्या लिंबाचा रस आणि दालचिनीचा एक तुकडा उकळताना. तुम्हाला रमची आठवण येणार नाही अशी चव आहे ती, स्वतंत्रच आहे.

---

ओव्हनबाई | सोमवार, दुपारी २:१०

कोरडा_गडी, गुरुवारी येणाऱ्यांत तुमच्यासारखं कोणी आहे का हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. आज अहोंना विचारलं. एक जण आहे. मुलांचा म्हणून करणार होते तो छोटा केक आता मोठा होतोय, मावशींच्या कॉफीचा. (मुलांच्या तुकड्यांवर कॉफीचा पाक घालणार नाही, नाहीतर रात्री दोनपर्यंत घर डोक्यावर घेतील.)

---

मांडवीपल्याड | सोमवार, रात्री ८:४५

गोव्यातून एक पिंक. फेणी घालून बघू नका. मी बघितली. काजूची फेणी ओव्हनमधून बाहेर येताना चॉकलेटला विचारते, तू कोण? नाताळात आमच्याकडे सुका मेवा रममध्ये किंवा ब्रँडीमध्ये मुरत ठेवतात, महिना दोन महिने. फेणीची जागा दुखऱ्या गुडघ्यावर आणि जेवणाआधीच्या ग्लासात, लिंबू-मीठ लावून. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालंय, आता तरी तिला केकात कोंबू नका.

---

वसईची_पोर | सोमवार, रात्री ९:१८

आमच्याही घरी मेवा नोव्हेंबरातच बरणीत जातो. आजीचा नियम: दारू मेव्याला, केकला नाही. सरळ पिठात ओतलेल्या रमचा वास भट्टीत जातो, मेव्याने पिऊन ठेवलेली रम दाताखाली येते. तुमच्या केकात मेवा नाही म्हणून मुरवायचा पाक हे काम करतोय. माझं मत: पिठातली ३० सुद्धा पाकात टाका. पिठात ती कुणालाच कळत नाही.

---

रसायनी | मंगळवार, सकाळी ७:१०

वासाबाबत सहमत, पण पिठातली ३० अगदीच वाया जात नाही. अल्कोहोल मैद्यातल्या ग्लुटेनला नीट जाळं धरू देत नाही, त्यामुळे पोत थोडा ठिसूळ-मऊ येतो. कोको-दही इतकं असताना फरक बारीक असेल. एकदा घालून, एकदा न घालता करून बघावा लागेल. नमुने मला पाठवा.

एक सूचना आणि एक धोक्याची सूचना. सूचना: कोलाची स्वतःची चव म्हणजे लिंबूवर्गीय तेलं, दालचिनी, जायफळ, व्हॅनिला. भाजताना हे सगळं उडतं, म्हणून बहुतेक कोला केक नुसते 'चांगले चॉकलेट केक' लागतात, कोलाचे लागत नाहीत. ती ओळख परत आणायची तर पाकात एका लिंबाची किसलेली साल घाला. रम, कोला आणि लिंबू हे त्रिकूट क्युबात शंभरावर वर्षांपूर्वीच जमलंय, उगाच नाही.

धोका: पाकात रम घालताना गॅस बंद, हे ओव्हनबाईंनी ठळक केलंय त्याला माझ्याकडून आणखी दोन रेघा. चाळीस टक्क्यांच्या दारूची वाफ २६ अंशांच्या आसपासही ठिणगी मिळाली तर पेट घेते. आपली स्वयंपाकघरं त्याहून गरम असतात. गरम पातेल्यात बाटलीतून थेट ओतू नका, वाटीत मोजून घ्या आणि शेजारचा बर्नरही बंद ठेवा.

---

आळसावलेली | मंगळवार, सकाळी १०:३३

ओव्हन नाही, कुकर आहे. होईल का? आणि अंड्याशिवाय?

---

पाववाली_मावशी | मंगळवार, सकाळी ११:०५

होईल. पाच लिटरचा कुकर, शिट्टी आणि रिंग काढून. तळाला दोन वाट्या जाडं मीठ, वर जाळी, झाकून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग मंद करून ४५ ते ५० मिनिटं. ९ इंची डबा आत बसणार नाही, माप निम्मं करून ६ इंची घ्या. अंड्याऐवजी पूर्ण मापाला आणखी १०० ग्रॅम दही आणि दोन चमचे तेल. थोडा दमट होतो, पण पाक मुरवायचाच आहे. फक्त पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यातून काढू नका, मोडतो.

---

पंगतीतला_शेवटचा | मंगळवार, दुपारी १२:४०

म्हातारा साधू (ओल्ड मंक) १९५४ चा, थम्सअप १९७७ चं, कोका-कोला देश सोडून गेलं त्या सालचं. म्हणजे थम्सअप येईपर्यंतची तेवीस वर्षं, कोका-कोला सोडलं तर, साधूने कशात मिसळून काढली असतील? पाण्यात. तेव्हाची माणसं कणखर होती.

---

वसईची_पोर | मंगळवार, दुपारी ४:२५

ओव्हनबाई, गुरुवारी करणार असाल तर चूक करताय. रमचा केक पहिल्या दिवशी उग्र लागतो, रम एकीकडे आणि चॉकलेट एकीकडे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोघं बोलायला लागतात. बटर पेपरात गुंडाळून, हवाबंद डब्यात, फ्रीजबाहेर. आणि शुक्रवारी तर श्रावण!

---

ओव्हनबाई | मंगळवार, दुपारी ४:३१

अरे देवा. आत्ताच मैदा काढते.

---

ओव्हनबाई | शनिवार, सकाळी ११:१५

वृत्तांत. मंगळवारी रात्री दोन्ही केक झाले. रमवाल्यात पिठातली ३० ठेवली (सॉरी वसईची_पोर), पाकात लिंबाची साल घातली. गुरुवारपर्यंत डब्याला कोणी हात लावायचा नाही असं बजावलं, तरी बुधवारी झाकण उघडून वास घेण्याच्या निमित्ताने चार फेऱ्या मोजल्या. अटलांटाकरांचा गरम थर घालायचा तर केकही गरम हवा, म्हणून तो मंगळवारीच ओतला. कॉफीवाल्यावर पेलाभर अक्रोडही घातले.

लिंबाच्या सालीने खरंच कोला सापडला. पहिला घास घेऊन एक वहिनी म्हणाल्या, "अगं हे थम्सअप आहे!" मैद्यात लपलेल्या माणसाला ओळखल्यासारखं. दोन ताटल्या, दोन चिठ्ठ्या, अक्षर ठसठशीत. ज्या भाऊजींसाठी कॉफीचा मोठा केला त्यांनी चिठ्ठी वाचली, काही बोलले नाहीत, तीन तुकडे घेतले. जाताना त्यांच्या बायकोने पाकृ मागितली.

मात्र कॉफीचाच आधी संपला. रमवाल्यांनीही त्यातले घेतले, त्यामुळे रमवाल्याचे चार तुकडे उरले आणि रात्री साडेअकराला, श्रावण लागायच्या आत संपवायच्या घाईत, अहोंनी दोन खाल्ले. तो पेगचा हिशोब त्यांना डॉक्टरांच्या नावाने वाचून दाखवला.

फोटो काढायचा राहिला. माफी.

---

कोरडा_गडी | शनिवार, दुपारी ३:४०

मी काल केला. कुकरमध्ये, निम्म्या मापाचा. तळ जरा लागला, मीठ कमी घातलं होतं. तो भाग काढून बाकीचा मी आणि मुलीने संपवला. आता ती विचारतेय थम्सअप संपलं तर स्प्राइटने होईल का.

---

रसायनी | शनिवार, दुपारी ४:०२

होईल. लिंबाचा पांढरा केक करा, कोको काढून. चॉकलेटमध्ये स्प्राइट म्हणजे नुसतं साखरपाणी.

---

वाळवंटी_उंट | मंगळवार, रात्री १०:२०

धागा वर काढतोय. सगळं झालं, नव्वदीचं काय?

---

ओव्हनबाई | मंगळवार, रात्री १०:४८

गुरुवारच्या केकला दुसरी क्वार्टर आणली होती, त्यामुळे आता नव्वद नाही, एकशे ऐंशी हवी. मी आत्ता तिखटाच्या डब्यामागून काढून बघितली. जेमतेम शंभर असेल.

अहो रम पीत नाहीत, व्हिस्कीवाले आहेत. लेक अकरा वर्षांचा आहे आणि त्याला वासही सहन होत नाही. श्रावण लागून पाच दिवस झालेत. साबा दुपारी सगळे झोपले की ओट्यापाशी काहीतरी आटवत असतात, आणि गेल्या तीन दिवसांत घरातलं थम्सअप दोनदा संपलंय.